धुरातले शिखर, उसने दर्शन

आमच्या मंडळात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचन असते. कोणी काही वाचतो, चहा होतो, आणि त्यानंतरचे बोलणे पुष्कळदा वाचनाहून लांबते. मध्यंतरी अशाच एका वाचनात एका ज्येष्ठ सभासदांनी आपल्या नातवाचे अकरा पानी प्रवासवृत्त वाचून दाखविले. घराणे होळकरशाहीपासून इंदुरात स्थिरावलेले; नातू मात्र अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातील सिएटल शहरी नोकरीस. शाळा इंग्रजी, सवंगडी हिंदी बोलणारे, आणि मराठी काय ती आजीच्या स्वयंपाकघरातली. अशा मुलाने मराठीत अकरा पाने लिहावीत याचे सर्वांस अप्रूप वाटले, आम्हांसही वाटले. त्या अप्रूपाच्या भरात जे बोलायचे राहून गेले ते येथे लिहीत आहोत. लेखकाची व त्याच्या आजोबांची संमती घेतली आहे. नाव न छापण्याची अट आमचीच.

वृत्त आहे माउंट बेकर या पर्वतावरील चढाईचे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेलगत, कॅस्केड नावाची पर्वतरांग आहे. तीतील हा ज्वालामुखी 10,781 फूट उंच. तेथील मूळ रहिवाशांत त्याचे नाव कुलशान. आपल्या हिमालयाच्या मापाने ही उंची किरकोळच. केदारनाथाचे मंदिरसुद्धा याहून उंचावर आहे. परंतु समुद्र जवळ असल्याने तेथे हिम अफाट पडते. पर्वताशेजारच्या स्की-केंद्रावर 1998-99 च्या एका हंगामात 1,140 इंच, म्हणजे पंचाण्णव फूट, हिम पडल्याची नोंद आहे. म्हणूनच एवढ्याशा उंचीवरही बारमाही हिमनद्या आहेत. चढाईची एक प्रचलित वाट कोलमन हिमनदीवरून जाते. उन्हाळा सरत आला की या नदीवरचे हिमाचे पूल ठिसूळ होतात आणि खोल भेगा, ज्यांना गिर्यारोहक क्रिव्हास म्हणतात, उघड्या पडू लागतात. एकाने पाय चुकविला तर बाकीच्यांनी त्यास धरून ठेवावे म्हणून तीन-चार जण एकाच दोराला बांधून घेऊन चालतात.

तेथील उन्हाळ्याचा हा शेवटचा भाग वणव्यांचाही असतो. अलीकडच्या काळात, विशेषतः 2017 पासून, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला आणि कॅस्केडच्या पूर्व उतारावरचा धूर अनेक उन्हाळ्यांत पश्चिमेकडील शहरांवर येऊन बसला आहे. आमचा हा लेखक चढला तो ऑगस्ट 2023 मध्ये. तेव्हा बेकरच्या पूर्वेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर सॉवरडो नावाचा एक डोंगर जळत होता. जुलैच्या अखेरीस वीज पडून ती आग लागली होती आणि तिच्यापायी त्या भागातला मुख्य महामार्ग बंद ठेवावा लागला होता. लेखकाने हे एका वाक्यात सांगितले आहे, आणि डोंगराचे नाव केवळ बातम्यांत ऐकले म्हणून दिले आहे. त्या नावाकडे आम्ही नंतर वळू.

वृत्तातील पहिली आठ पाने आम्हांस फार आवडली. त्यांत लेखक अडखळतो, शब्द चुकवितो, ‘बर्फ’ आणि ‘हिम’ यांत गोंधळ करतो. पण जे झाले ते सांगतो. तंबूवर रात्रभर राख पडली, ती सकाळी बोटाने पुसली तर पिठासारखी लागली. मध्यरात्रीनंतर एक वाजता निघाले तेव्हा कपाळावरच्या दिव्याचा झोत पुढे जाईना. धुराचे कण त्या झोतात तरंगत आणि चार पावलांवर उजेडाचीच भिंत उभी राही. तोंडावरचा मास्क श्वासाच्या वाफेने ओला होई, मग गार पडून गालाला चिकटे. तो काढावा तर खोकला, ठेवावा तर चढावर दम पुरेना. दहा हजार फुटांच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशावर येतो. श्वास आधीच अपुरा असताना त्यातही वाटेकरी यावा, अशी ही अवस्था. लेखकाने आकडे दिलेले नाहीत, ते आम्ही दिले; त्याने एवढेच लिहिले आहे की, ‘मी दहा पावले मोजत होतो, मग सात, मग चार.’ याहून चांगले वाक्य त्याला सापडले नसते.

आणखी एक जागा आहे. हिमनदीचा पृष्ठभाग राखेने व धुळीने करडा झाला होता. बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनचे दात रुतत तेथे आतले पांढरे हिम उघडे पडे. उजाडल्यावर मागे वळून पाहिले तर करड्या उतारावर त्यांच्याच पावलांची पांढऱ्या ठिपक्यांची रांग खाली गेलेली. चिखलात काळे पाऊल उमटते, येथे पांढरे उमटले. ही गोष्ट त्याने अर्ध्या ओळीत सांगून टाकली आहे, वर ‘गंमत म्हणजे’ असे म्हणून. ती गंमत नाही. मळलेले हिम सूर्याची उष्णता अधिक शोषते आणि लवकर वितळते. ज्या पुलांवरून हे चौघे जात होते ते त्याच कारणाने ठिसूळ होत होते. हे लेखकाला ठाऊक असो वा नसो, त्याच्या डोळ्याने ते टिपले आहे.

मग येते नववे पान, आणि शिखर.

शिखरावर पोचल्यावर काय दिसले? आधीच्या पानांवरून वाचकाला ठाऊक असते की काही दिसणे शक्यच नव्हते. शेवटच्या उभ्या चढावर, ज्यास तेथे रोमन वॉल म्हणतात, पुढच्या माणसाची पाठही पुसट दिसत होती असे लेखकानेच लिहिले आहे. तरीही नवव्या पानावर एकाएकी ‘क्षितिजापर्यंत पसरलेला शुभ्र हिमाचा सागर’ येतो, ‘निळ्याभोर आकाशाचे छत्र’ येते, आणि निसर्गाच्या त्या विराट रूपापुढे माणूस किती क्षुद्र आहे याचा साक्षात्कार होतो. वाक्ये एकदम लांब होतात, व्याकरण सुधारते. इतके सुधारते की हा परिच्छेद कोणीतरी दुसऱ्याने लिहून दिला असावा अशी शंका यावी.

आणि आमच्या सभेला नेमका हाच परिच्छेद सर्वांत आवडला. तो पुन्हा वाचावा अशी फर्माइश झाली. एका काकांनी डोळे पुसले. आधीची आठ पाने म्हणजे तेथवर पोचण्याचा जिना, आणि हा परिच्छेद म्हणजे गाभारा, असेच जणू सर्वांनी धरून चालले होते. सभेत मागे बसलेल्या लेखकाच्या आजींनी मात्र टाळ्या थांबल्यावर एकच विचारले, ‘त्याचा खोकला गेला का हो?’ लोक हसले. आमच्या मते त्या सायंकाळी झालेली खरी समीक्षा तेवढीच. अकरा पानांत जे खरोखर घडले होते ते त्या माउलीने बरोबर धरले होते.

तेव्हा आम्ही गप्प बसलो. त्यामागे संकोच होता, आणि थोडी अपराधाची भावनाही होती, कारण हा परिच्छेद मुलाने कोठून आणला ते आम्हांस ठाऊक आहे. तो आमच्याच अंकांतून आणला आहे. या पत्रिकेत इतकी वर्षे हिमालयाची जी यात्रावर्णने छापून आली त्यांतील बहुतेकांत हाच सागर आणि हेच छत्र आहे. सुट्टीत आलेल्या नातवाला आजोबांनी ते अंक वाचायला दिले असणार. मराठी सुधारावी म्हणून. मुलाने उताऱ्याचा नेमका तोच भाग उचलला ज्याला आपण शैली म्हणून शाबासकी देतो.

प्रश्न केवळ एका हौशी लेखकाचा असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. गिर्यारोहणाचे लेखन हे जन्मापासूनच दर्शनाचे लेखन आहे. ज्या कोलमन हिमनदीवरून हा मुलगा चढला ती एडमंड कोलमन या इंग्रज चित्रकाराच्या नावाची. त्याने आधी माँ ब्लांवरील हिमप्रदेशाची चित्रे काढून 1859 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर येऊन, दोन प्रयत्न फसल्यावर, ऑगस्ट 1868 मध्ये बेकरच्या माथ्यावर पाऊल ठेवले. चित्रकार डोंगर चढतो तो पाहण्यासाठी. चढण्याचे कष्ट ही किंमत आणि शिखरावरचे दृश्य हा मोबदला, असा हा करार आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील आल्प्सवरचे बहुतेक लेखन या करारावर उभे आहे. वाचकानेही त्यावर सही केलेली असते. आपण पाने उलटतो ती शेवटी काहीतरी दाखविले जाईल या भरवशावर.

धुराने हा करार मोडतो. कष्ट तेवढेच, किंबहुना अधिक, आणि मोबदला नाही. अशा वेळी लेखकापुढे दोन वाटा उरतात. एक, दृश्य उसने आणावे. दुसरी, जे दिसले नाही त्याच्या जागी जे झाले ते लिहावे. दुसरी वाट अवघड आहे, कारण तिच्यासाठी तयार वाक्ये नाहीत.

हवेकडे असे नीट पाहणारा एक मोठा गद्यकार इंग्रजीत होऊन गेला, तो म्हणजे जॉन रस्किन. गिर्यारोहकांवर त्याचा राग होता. आल्प्सना यांनी जत्रेतल्या चढाओढीचा खांब करून टाकले असे तो म्हणे. परंतु 1884 च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये त्याने दिलेली वादळी मेघावरची दोन व्याख्याने या विषयात आजही वाचावीत अशी आहेत. रोजनिशीत अनेक वर्षे आकाशाच्या नोंदी ठेवून तो सांगत होता की 1871 च्या सुमारापासून एक नव्याच जातीचा मळकट वारा व मेघ आला आहे. या मेघाने सूर्य लालही होत नाही, पांढराफटक पडतो, एवढा बारीक भेद त्याने केला होता. लोकांनी म्हटले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. त्याच्या मनाची प्रकृती खरोखरच बरी नव्हती, आणि व्याख्यानांत पापपुण्याचा ओढूनताणून आणलेला भाग पुष्कळ आहे. तो भाग आम्हांस पटत नाही. पण कारखान्यांच्या कोळशाच्या धुराने इंग्लंडचे आकाश बदलत होते ही गोष्ट खरी होती, आणि ती त्याने सौंदर्याच्या ठरीव वाक्यांना बाजूस ठेवून, तारीखवार, नोंदविली होती.

आमच्या लेखकाचा सूर्य लाल होता. वणव्याच्या धुरात तो तसाच दिसतो, आणि उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहता येते. त्याने त्यास दोन उपमा दिल्या आहेत. पहिली, ‘चुलीतल्या विझत आलेल्या निखाऱ्यासारखा’. ती सभेला आवडली. दुसरी, ‘सिग्नलच्या लाल दिव्यासारखा, पण हिरवा होतच नव्हता’. यावर नापसंतीचे हुंकार आले. आम्हांस विचाराल तर पहिली उपमा उसनी आहे. त्याच्या घरात चूल त्याच्या जन्माआधीच गेली. दुसरी त्याची स्वतःची आहे; रोज चौकात थांबणाऱ्या माणसाची आहे, आणि डोंगरावर, परत फिरावे की पुढे जावे या पेचात असलेल्या माणसाची तर विशेष आहे.

आता त्या सॉवरडो डोंगराकडे. आजोबांनी वाचताना हे नाव उच्चारले तेव्हा आम्ही चमकलो. अमेरिकन कवी गॅरी स्नायडर 1953 च्या उन्हाळ्यात, तेविसाव्या वर्षी, याच डोंगरावर वनखात्याचा टेहळ्या होता. माथ्यावर चारी बाजूंनी काचा असलेली एक खोली, मधोमध नकाशा बसविलेले गोल यंत्र, आणि काम एवढेच की दऱ्यांतून कोठे धूर उठतो का ते पाहायचे, दिशा मोजायची आणि खाली कळवायचे. या मुक्कामावरची त्याची दहा ओळींची कविता 1959 साली निघालेल्या ‘रिपरॅप’ या संग्रहात आहे आणि ती पुढे फार गाजली. हाच स्नायडर 1962 मध्ये भारतात येऊन गेला. त्याचा मित्र ॲलन गिन्सबर्ग याच्या त्या वेळच्या मुंबईतील वास्तव्याचे आणि आपल्या लघुअनियतकालिकांच्या कवींशी झालेल्या ओळखीचे किस्से जुन्या वाचकांनी ऐकले असतील.

या कवितेची सुरुवातच धुराने होते. पण तो धूर कोठे आहे? खाली, दूर, दरीत. कवी वर आहे. वाचलेले सारे विसरलेला, मित्र शहरांत राहिलेले, हाती वितळलेल्या हिमाचे थंड पाणी, आणि डोळ्यांपुढे मैलोन्‌मैल स्वच्छ, निश्चल हवा. शांततेची अशी कविता दुर्मीळ, हे आम्ही मान्य करतो. तरुणपणी ती आम्हांस पाठ होती. परंतु त्या नातवाची आठ पाने ऐकल्यावर आम्ही ती पुन्हा काढून वाचली आणि एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. त्या कवितेतला धूर हा अंतराचे माप आहे. तो खाली आहे म्हणून आपण उंच आहोत. तो मळका आहे म्हणून आपली हवा निर्मळ आहे. चित्रात दूरचा डोंगर पुसट रंगवितात, तसा तो धूर तेथे आहे. तो फुप्फुसात जात नाही.

शिवाय ती खोली कोणी बांधली होती, कशासाठी? 1910 साली आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत महावणवा झाला, सुमारे तीस लाख एकर जळाले. त्यानंतर अमेरिकेच्या वनखात्याने आगीशी युद्धच पुकारले. 1935 मध्ये नियम झाला की कोणतीही आग दिसली की ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. हा नियम 1970 च्या दशकात सोडून देईपर्यंत कोरड्या जंगलांत, जेथे लहानसहान आगी दर काही वर्षांनी पालापाचोळा खाऊन जात, तेथे सरपण साठत राहिले. मूळ रहिवासी ठरवून लहान आगी लावीत, तेही बंद पाडले गेले होते. आज जे महाप्रचंड वणवे पेटतात त्यांच्या कारणांत वाढते तापमान व लांबलेला कोरडा हंगाम यांच्या जोडीस हे साठलेले सरपणही आहे. येथे एक खुलासा आवश्यक. सॉवरडोचा प्रदेश कॅस्केडच्या ओल्या बाजूचा. तेथील जंगले मुळातच फार वर्षांच्या अंतराने जळतात, त्यामुळे त्या एका आगीचा दोष टेहळ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण पूर्वेकडून जो धूर दर उन्हाळ्यात येतो त्याचा हिशेब वेगळा आहे. त्या कवितेतली निश्चल हवा ही त्या व्यवस्थेने दिलेली होती, आणि उसनी होती.

स्नायडरच्या बाजूने सांगायचे ते असे की हे त्याला पुढे स्वतःलाच उमगले. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाच्या उतारावर घर करून राहिल्यावर, जंगल कापून, वेचून, थोडेथोडे जाळून सांभाळावे लागते हे त्याने अनुभवले. आणि 2007 च्या ‘बॅक ऑन द फायर’ या निबंधसंग्रहात त्याने नियंत्रित आगीची बाजू घेतली. त्या निबंधांत त्या कवितेची मोहिनी नाही. हात काळे झालेल्या माणसाचे ते लेखन आहे. काही ठिकाणी कंटाळवाणेही आहे. तरी तेविसाव्या वर्षीची कविता आणि सत्तरी ओलांडल्यानंतरचे हे निबंध शेजारी ठेवून वाचावेत असे आम्ही सुचवू. एका लेखकाने आपल्याच सुंदर दृश्याचा केलेला हा हिशेब आहे. आणि 2023 मध्ये धूर दरीत राहिला नाही. तोच डोंगर पेटला, त्याची राख पन्नास किलोमीटरांवर आमच्या नातवाच्या तंबूवर पडली असेल. ज्या कवीचे नाव त्याने ऐकलेले नाही त्याच्या डोंगराची राख त्याने बोटाने पुसली असेल.

कोणी म्हणेल, हे सारे परमुलखातले. आपल्याला असे लिहिण्याची परंपराच कोठे आहे? आहे, आणि ती आपल्याच घरची आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ या सभेतील प्रत्येकाच्या घरी असेल. दक्षिणेच्या आशेने निघालेला हा वरसईचा भिक्षुक माळव्यातून ग्वाल्हेर, झांशीपर्यंत गेला आणि 1858 मध्ये झांशी पडली तेव्हा आत सापडला. त्या लढाईचे मोठे दृश्य त्याच्या हाती नाही. तो किल्ल्याच्या बुरुजावर उभा राहून रणांगण पाहत नाही. तो दडून बसला आहे, घसा कोरडा पडला आहे, बाहेर शहर जळते आहे, आणि कानावर व नाकावर जे येते तेवढेच त्याच्या वाट्याचे आहे. पंचवीस वर्षांनी, 1883 मध्ये, त्याने ते लिहून काढले तेव्हाही न दिसलेले त्याने दिसले म्हणून लिहिल्याचे आम्हांस जाणवत नाही. चुका आहेत, ऐकीव गोष्टी आहेत. पण ऐकीव ती ऐकीव म्हणूनच येते. धुरात सापडलेल्या माणसाचे मराठी गद्य कसे असावे याचा याहून चांगला नमुना आम्हांस माहीत नाही.

त्या पुस्तकाचे पुढे काय झाले तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि त्यांचे उपकार मोठेच. पण छापताना भाषा व मजकूर यांवर त्यांचा हात फिरला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी छापला तो 1966 मध्ये. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकाने सुधारलेले गोडसे भटजी वाचले. आमच्या सभेने त्या दिवशी नववे पान पुन्हा वाचायला लावले तेव्हा आपणही वैद्यांच्याच खुर्चीत बसलो होतो, फक्त त्यांच्याएवढे उपकार आपण केले नाहीत.

याच संदर्भात नातवाच्या वृत्तातील एका क्रियापदाकडे लक्ष वेधावयाचे आहे. आदल्या सायंकाळी तंबूपाशी जावे की परतावे यावर बोलणे झाले. लेखक लिहितो, ‘चर्चा झाली आणि जायचे ठरले.’ कोणी ठरविले? दोरावरच्या म्होरक्या मुलीने? ज्याची सुट्टी संपत होती त्याने? चौघांपैकी एकास दम्याचा त्रास होता, तो मग अर्ध्या वाटेवरून, दुसऱ्या एका उतरत्या तुकडीच्या दोराला बांधून घेऊन परतला. त्याचा निरोप अर्ध्या वाक्यात उरकला आहे. मराठीत हे ‘ठरले’ फार सोयीचे आहे. लग्ने ठरतात, वाटण्या ठरतात, कर्ता कोठेच नसतो. धुरात चढाई करावी की नाही हा सगळ्या वृत्तातला सर्वांत अवघड प्रश्न होता. शुद्ध हवेच्या दिवशी असा निर्णय हवामानावर व पायांवर सोडता येतो. येथे दुसऱ्याच्या छातीचा प्रश्न होता. त्याचे उत्तर काय असावे हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही, आम्ही कधी जानापावच्या टेकडीपलीकडे चढलो नाही. परंतु लेखक म्हणून त्याने तेथे दोन पाने थांबायला हवे होते. दृश्यासाठी जी जागा त्याने खर्चिली ती या सायंकाळीस द्यायला हवी होती.

सभेत एक मत असेही आले की परदेशातले वणवे तिकडच्यांनी निस्तरावेत, आपला हिमालय तरी अजून धवल आहे. या मताचे आम्हांस आश्चर्य वाटले, कारण ते मांडणाऱ्या गृहस्थांची शेती देपालपूरकडे आहे आणि गव्हाची कापणी झाली की नरवाई जाळल्याचा धूर एप्रिलात आपल्या सर्वांच्या गच्चीवर येतो. उत्तराखंडातील जंगले 2016 साली आणि पुन्हा 2024 साली मोठ्या प्रमाणावर जळाली. वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गंगोत्री हिमनदीजवळ, चिरबासा येथे, 2016 मध्ये हवेतील काळ्या कार्बनचे मापन केले. उन्हाळ्यात तो कितीतरी पटींनी वाढलेला आढळला, आणि कारणांत शेतांतले जाळणे व वणवे ही दोन्ही होती. उज्जयिनीवरून हिमालयाकडे मेघ धाडणाऱ्या कालिदासाने तो मेघ कशाकशाचा बनला आहे हे सांगताना पहिले नाव धुराचेच घेतले होते. चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शांताबाई शेळके या सर्वांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले. तो धूर त्या सर्वांच्या हातून गेला आहे. आपल्या अंकांतल्या गंगोत्रीच्या वर्णनांत मात्र तो एकदाही आलेला आम्हांस आठवत नाही. एक भगिनी मे 2016 मध्येच यात्रेस जाऊन आल्या होत्या. त्यांच्या लेखात निळेभोर आकाश होते. परवा विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘डोळे फार चुरचुरत होते, पण ते काय लिहायचे?’

त्यांचा तो लेख आम्हीच तपासून छापायला दिला होता.

नातवास आम्ही पत्र पाठविले. पहिली आठ पाने जशीच्या तशी, ‘बर्फ’ आणि ‘हिम’ यांतल्या गोंधळासह, छापण्याची तयारी कळविली आणि नवव्या पानाविषयी विचारले की माथ्यावर खरोखर काय झाले. उत्तर आठवड्याने आले. माथ्यावर ते आठ मिनिटे होते. फोटो काढला नाही, कारण काढण्यासारखे काही नव्हते. खालच्या विवरातून येणारा गंधकाचा वास धुराच्या वासातून वेगळा ओळखू येत होता. म्होरक्या मुलीने प्रत्येकाच्या शिरस्त्राणाचा पट्टा हाताने चाचपून पाहिला आणि वर न पाहता म्हणाली, चला. एवढेच आठवते, असे त्याने लिहिले आहे, आणि एवढ्यावर पान कसे भरायचे, असे विचारले आहे. पान भरू नये असे आम्ही कळविले. मजकूर पुढील अंकासाठी मागितला आहे. खोकला गेला की नाही, हे त्याने अजून लिहिलेले नाही.